उरलेल्या ओलीवरचं पीक

पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीला ताम्रपाषाणयुगीन वस्तीचं उत्खनन झालं, तेव्हा तांब्याच्या मण्यांत ओवलेला दोरा हाती लागला. तांब्याच्या गंजानं तो राखला होता. तपासला तर निघाला जवसाच्या वाखाचा! सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. पुढे कापसानं हा धागा मागे टाकला. जवस शिल्लक राहिला तो दाण्यासाठी.

पूर्व विदर्भात तो आजही धानाच्या पाठीवर येतो. भंडारा, गोंदियाकडे धान पिवळं पडू लागलं, की कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, ओल्या चिखलात, उभ्या पिकातच जवस फोकतात. याला उतेरा म्हणतात. धानावर विळा फिरतो तेव्हा खाली जवसाची बोटभर रोपं उगवलेली असतात. नांगर नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही. धानानं मागे ठेवलेल्या ओलीवरच सगळं भागतं. निळी फुलं सकाळी उमलतात नि दुपारपर्यंत गळतात. काळ्या रानात हरभऱ्याच्या कडेनं जवस पेरायचे, कारण गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. जिवंत कुंपणच ते.

या गरीब पिकाला एकोणिसाव्या शतकात अचानक भाव आला. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट पापुद्रा धरतं, म्हणून रंगाला आणि छपाईच्या शाईला ते लागे. इंग्लंडला जवस पुरवायचा रशिया. १८५३ ला क्रिमियाचं युद्ध पेटलं, तो पुरवठा अडला आणि व्यापारी हिंदुस्थानाकडे वळले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. त्याच दशकात फ्रेडरिक वॉल्टननं जवसाच्या तेलापासून लिनोलियम काढलं. वऱ्हाड-नागपूरचा दाणा मुंबई बंदरातून विलायतेला जाऊ लागला.

घरी मात्र त्याचा उपयोग साधाच होता. तेल फोडणीला, ढेप गुरांना, आणि तव्यावर तडतडेपर्यंत भाजलेले दाणे लसूण-तिखट-मिठाबरोबर खलबत्त्यात. त्या चटणीवर कच्चं तेल घेतलं, की भाकरीला दुसरं काही लागत नाही.

कृत्रिम रंग आले, ओलिताची सोय झाली, सोयाबीन पसरलं आणि जवसाची रानं आटली. त्याची तुलना झाली ती एकरी उताऱ्यावर, आणि तिथेच त्याच्यावर अन्याय झाला. धानामागून बिनखर्चाचं दुसरं पीक निघतं, हा हिशेब फारसा कुणी मांडला नाही. आता शहरात ‘सेंद्रिय जवस’ म्हणून पुड्या विकल्या जातात. बांधीत मात्र माघ-फाल्गुनात तोच जवस वाळतो. मूठभर झाडं हलवली, की बोंडांतले दाणे खुळखुळतात आणि कापणी सुरू होते.