कपाटातली आज्ञावली

लॉगची कोष्टके आपण सर्वांनी वापरली आहेत. कोष्टकातली संख्या कोणी, कशी काढली हे न विचारता आपण ती उचलतो आणि पुढचे गणित करतो. एकाने केलेले आकडेमोडीचे कष्ट हजारोंच्या उपयोगी पडतात. संगणकाच्या युगात कोष्टके मागे पडली, पण त्यामागची कल्पना टिकली. आता तयार उत्तराऐवजी उत्तर काढण्याची तयार कृती एकमेकांना दिली जाते. ही देवघेव कशी सुरू झाली ते पाहू.

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या गटाने एडसॅक नावाचा संगणक बांधला. ६ मे १९४९ रोजी त्याने वर्गसंख्यांचे कोष्टक छापून दाखवले. लवकरच एक गोष्ट लक्षात आली. प्रश्न वेगवेगळे असले तरी वर्गमूळ, साइन, भागाकार यांसारख्या क्रिया पुन्हापुन्हा लागतात. मग प्रत्येकाने त्या नव्याने का लिहाव्यात? म्हणून अशा क्रियांच्या उपआज्ञावल्या कागदी फितीवर छिद्रे पाडून कपाटात ठेवल्या गेल्या. १९५१ पर्यंत त्या ८७ झाल्या. ज्याला जी हवी ती फीत त्याने काढायची, तिची नक्कल आपल्या फितीत घालायची. आज आपण ज्याला सॉफ्टवेअर लायब्ररी म्हणतो ती त्या काळी खरोखरच एका कपाटात मावत होती.

पण फीत घातली म्हणजे काम झाले असे नाही. तीन प्रश्न उरतातच. उपआज्ञावली स्मृतीत कोठे बसणार? तिला संख्या कशा पुरवायच्या? आणि काम संपल्यावर परत कोठे जायचे? शेवटच्या प्रश्नाचे डेव्हिड व्हीलर यांनी काढलेले उत्तर फार सुंदर आहे. मुख्य आज्ञावलीने जाताना आपला पत्ता सोबत द्यायचा. उपआज्ञावलीने सुरुवातीलाच त्या पत्त्यावरून परतीची आज्ञा तयार करून स्वतःच्या शेवटी लिहून ठेवायची. घरी परतण्याचा पत्ता मुलाच्या खिशात घालून द्यावा तसेच हे. विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये या पद्धतीवर पुस्तकच लिहिले.

१९५७ मध्ये आयबीएम कंपनीच्या जॉन बॅकस यांच्या गटाने फोर्ट्रान ही भाषा दिली. आता सूत्रे जवळजवळ बीजगणितासारखी लिहिता येऊ लागली. १९७० च्या दशकात अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेच्या पुढाकाराने फोर्ट्रानमध्ये दोन मोठे संच तयार झाले. त्यांपैकी आइसपॅक मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये काढण्यासाठी होता, तर लिनपॅक एकसामयिक समीकरणे सोडवण्यासाठी.

या कामात सहभागी असलेले क्लीव्ह मोलर न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत. विद्यार्थ्यांना फोर्ट्रान न लिहिता हे संच वापरता यावेत म्हणून त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मॅटलॅब तयार केले. एक ओळ लिहा, उत्तर पाहा. वर्गासाठी केलेले हे साधन पुढे सी भाषेत नव्याने लिहिले गेले, आणि १९८४ मध्ये त्यासाठी मॅथवर्क्स ही कंपनी स्थापन झाली.

येथे नवी अडचण आली. मॅटलॅबची स्क्रिप्ट चालण्यासाठी मॅटलॅबच हवे. ती ओळीओळीने वाचून अमलात आणणारा दुभाषा त्यात असतो. पण एखाद्या यंत्राचे नियंत्रण करणारी आज्ञावली सी मध्ये असेल आणि तिला त्या स्क्रिप्टमधले गणित हवे असेल तर? १९९० च्या दशकात मॅटलॅब कंपायलर आला. तो स्क्रिप्टचे सी मध्ये भाषांतर करत असे. त्यापासून सामाईक लायब्ररी बनवता येई, म्हणजे प्रत्येक आज्ञावलीत नक्कल न घालता चालताना जोडून घेण्याची फाइल. २००४ पासून मात्र पद्धत बदलली. स्क्रिप्टचे भाषांतर न करता ती कुलूपबंद करून लायब्ररीत ठेवतात आणि सोबत दुभाषाही देतात. वापरणाऱ्याला मॅटलॅब विकत घ्यावे लागत नाही, पण हा दुभाषा त्याच्या संगणकावर बसवावा लागतो आणि लायब्ररीतले काहीही वापरण्यापूर्वी त्याला जागे करावे लागते. त्यामुळे ‘कंपाइल केले म्हणजे वेग वाढला’ ही समजूत येथे लागू पडत नाही. खरेखुरे सी हवे असेल तर त्यासाठी २०११ मध्ये वेगळे साधन आले. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये साइलॅबच्या स्क्रिप्टचे सी मध्ये रूपांतर करण्याचे काम पवईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पात झाले आहे.

आता संख्या पुरवण्याचा प्रश्न पाहा. तो वर्गात फळ्यावरही दाखवता येईल. पहिल्या ओळीत १, २, ३ आणि दुसऱ्या ओळीत ४, ५, ६ असा मॅट्रिक्स घ्या. सी तो ओळीप्रमाणे साठवते: १, २, ३, ४, ५, ६. फोर्ट्रान स्तंभाप्रमाणे साठवते: १, ४, २, ५, ३, ६. मॅटलॅबने फोर्ट्रानची रीत उचलली. सी मधली यादी तशीच लायब्ररीला दिली तर तिला पहिल्या ओळीत १, ३, ५ आणि दुसरीत २, ४, ६ दिसतील. चुकीची सूचना येणार नाही. उत्तर येईल, पण भलत्याच प्रश्नाचे.

मग तपासणी कशी करावी? वर्गाकार मॅट्रिक्स देऊन निश्चयक काढून पाहिला तर तो बरोबरच येईल! कारण ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल केली तरी निश्चयक बदलत नाही. आयगेन मूल्येही बदलत नाहीत. म्हणजे तपासणीसाठी निवडलेले उदाहरणच चूक लपवू शकते. तीन अज्ञातांची, सममित नसलेली, उत्तर आधीच माहीत असलेली समीकरणे घेतली तर ती चूक उघडी पडेल.

केंब्रिजच्या त्या कपाटात चुका शोधण्यासाठी खास लिहिलेल्या उपआज्ञावल्याही होत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दुसऱ्याचे तयार काम वापरण्यात कमीपणा नाही, विज्ञान त्यावरच पुढे जाते. पण काम तयार मिळाले तरी ते तपासण्याची जबाबदारी वापरणाऱ्याचीच असते. लायब्ररी कुलूपबंद असेल तर ही जबाबदारी वाढते. आत डोकावता येत नसेल, तेव्हा बाहेरून योग्य प्रश्न विचारता आला पाहिजे. आणि योग्य प्रश्न निवडायला शिकवणे हे तर आपल्या वर्गाचेच काम आहे.