मुंबई बेटांतील प्लेगचे मृत्यु (१९०५-०६) व साथींचें गणित

सांसर्गिक रोगाची साथ कशी चढते व कशी ओसरते हें गणितानें सांगणारें एक शास्त्र आज सर्वत्र मान्यता पावलें आहे. त्याचा विचार इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत कां व्हावा, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. तिचें उत्तर एका चित्रांत आहे. लंडन येथील रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्ताच्या ११५ व्या खंडांत, सन १९२७ सालीं, कर्मॅक व मॅकेंड्रिक या दोन स्कॉटिश शास्त्रज्ञांचा लेख पृष्ठें ७०० ते ७२१ यांवर छापला गेला. या शास्त्रावरील बहुतेक ग्रंथ ज्या त्रिविभागी पद्धतीपासून आरंभ करतात ती या लेखांतील होय. लेखांत सूत्रें पुष्कळ आहेत. परंतु प्रत्यक्ष घडलेल्या साथीचें म्हणून जें चित्र त्यांत दिलें आहे तें मुंबईचें आहे. ता. १७ डिसेंबर १९०५ पासून ता. २१ जुलै १९०६ पर्यंतच्या एकतीस आठवड्यांत मुंबई बेटांत प्लेगनें दर आठवड्यास किती माणसें मेलीं तें त्यांत ठिपक्यांनीं दाखविलें असून, त्या ठिपक्यांजवळून गणितानें काढलेली घंटेच्या आकाराची एक रेषा गेली आहे.

बखरीची एखादी प्रत हातीं आली म्हणजे मूळ कोणाचें, नक्कल कोणी केली, क्षेपक कोठें शिरला, हें आपण प्रथम पाहतों. आंकड्यांच्या कागदास मात्र ही कसोटी लावण्याची चाल आपल्यांत फारशी नाहीं. आंकडा छापला कीं तो खरा, आणि रेषा त्याला जुळली कीं तीहि खरी, असें आपण धरून चालतों. प्रस्तुत चित्रास ती कसोटी लावून पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्लेग मुंबईंत उघडकीस आला तो सप्टेंबर १८९६ मध्यें. मांडवी भागांतील रोग्यांवरून डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनीं तो ओळखला. पुढील चारपांच वर्षांत मृत्यूनें व पळापळीनें शहर कसें खालावलें तें खानेसुमारीवरून दिसतें: १८९१ सालीं वस्ती ८,२१,७६४ होती, ती १९०१ सालीं ७,७६,००६ भरली. नंतर लोक परतले, नवे आले, आणि १९०६ च्या स्वतंत्र मोजणींत ९,७७,८२२ असा आंकडा निघाला. या चढउताराचा उपयोग पुढें होणार आहे.

चित्रांतील आठवड्यांचे आंकडे मुंबईच्या मृत्युनोंदींवरून आलेले आहेत. १९०५ सालीं प्लेगच्या चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळाचें काम परळच्या प्रयोगशाळेंत चालत असे, व त्याचे अहवाल 'जर्नल ऑफ हायजीन' या पत्रांत १९०६ पासून प्रसिद्ध होऊं लागले. त्यांत हे आंकडे सांपडतात. पहिल्या साथीच्या वेळीं घरझडती, विलगीकरण व इस्पितळ यांच्या धास्तीनें लोक रोगी लपवीत, आणि प्लेगचा मृत्यु दुसऱ्याच एखाद्या तापाच्या नांवें नोंदला जाई. १९०५ पर्यंत ती सक्ती पुष्कळच सैल झाली होती. म्हणून १८९७ च्या नोंदींपेक्षां या नोंदी अधिक विश्वसनीय मानण्यास हरकत नाहीं. तथापि नोंद मृत्यूची आहे, रोगाची नाहीं. नोंदलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा ८० ते ९० मरत, म्हणून मृत्यूचा आंकडा हाच रोगांतून बाहेर पडणारांचा आंकडा समजण्यास हरकत नाहीं, असें लेखकद्वयानें स्वतःच नमूद केलें आहे.

हे लेखक कोण होते हेंहि पाहिलें पाहिजे. अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक (१८७६-१९४३) हे हिंदी वैद्यकीय नोकरींतील अधिकारी होते. १९०१ सालीं रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर ते हिंवतापाच्या मोहिमेवर सिएरा लिओन येथें गेले होते. रोगाच्या प्रसारास गणित लावण्याची गोडी रॉस यांना होती, व त्यांच्या सहवासाचा परिणाम या शिष्यावर झाला असावा असें आम्हांस वाटतें. पुढें मॅकेंड्रिक कसौलीच्या पाश्चर संस्थेचे प्रमुख झाले, आणि १९२० मध्यें प्रकृति बिघडून एडिंबरोस परतल्यावर तेथील वैद्यांच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेची व्यवस्था त्यांनीं हातीं घेतली. त्याच प्रयोगशाळेंत विल्यम ओगिल्वी कर्मॅक (१८९८-१९७०) हे रसायनशास्त्रज्ञ काम करीत. १९२४ सालीं प्रयोग चालू असतां स्फोट होऊन दाहक क्षार त्यांच्या डोळ्यांत गेला व वयाच्या सव्विसाव्या वर्षीं ते कायमचे आंधळे झाले. म्हणजे १९२७ चा हा सूत्रांनीं भरलेला लेख लिहिला गेला तेव्हां दोघांपैकीं एकास कागद दिसतच नव्हता.

मॅकेंड्रिक यांच्या हाताची परीक्षा त्यांच्या १९२६ च्या एका लेखांतील लहानशा उदाहरणावरून होते. हिंदुस्थानांतील एका खेड्यांत पटकी झाली. घरें २२३. त्यांपैकीं १६८ घरांत एकहि रोगी नाहीं, ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोनदोन, ६ घरांत तीनतीन व एका घरांत चार. एकूण रोगी ८६. केवळ दैवयोगानें रोग सर्व गांवभर विखुरला असता तर एकापेक्षां अधिक रोगी असलेलीं घरें इतकीं निघतीं ना. यावरून त्यांनीं गणित केलें कीं रोगाची झळ पोंचण्याजोगीं घरें सुमारें ९३ च असावींत; बाकीचीं घरें दुसऱ्या विहिरीचें पाणी पीत असल्यामुळें या हिशेबांतच धरूं नयेत. कोऱ्या घरांच्या यादींतून विहीर शोधणाऱ्या या माणसास कागदावरील शून्याचा अर्थ कळत होता, एवढें तरी म्हटलें पाहिजे.

आतां मुख्य गणित. सूत्रें न मांडतां तें सांगतां येतें. वस्तीचे तीन वर्ग कल्पावे: ज्यांस रोग अद्याप झाला नाहीं पण होऊं शकेल ते, जे रोगी असून रोग देऊं शकतात ते, आणि जे बरे होऊन अथवा मरून या व्यवहारांतून निघून गेले ते. नवे रोगी किती होतील हें पहिल्या व दुसऱ्या वर्गांच्या गुणाकारावर अवलंबून असतें, कारण गांठ दोघांची पडावी लागते. रोगांतून किती सुटतील हें केवळ दुसऱ्या वर्गाच्या संख्येवर अवलंबून असतें. एवढ्यावरून असें निघतें कीं पहिला वर्ग एका ठराविक मर्यादेहून मोठा असेल तरच साथ पेटते. तो त्या मर्यादेखालीं आला कीं ती उतरूं लागते. सर्व माणसें बाधून होईपर्यंत साथ थांबत नाहीं, अथवा रोगाचें विषच झिजून जातें, या दोन्ही जुन्या समजुतींस या एका सिद्धान्तानें धक्का दिला. वास्तविक लेखांतील मूळ मांडणी याहून पुष्कळ व्यापक आहे; रोगाच्या कोणत्या दिवशीं रोगी किती संसर्ग देतो याचाहि तींत विचार आहे. पाठ्यपुस्तकांनीं उचलला तो तिचा सर्वांत सोपा तुकडा.

मुंबईची रेषा या सोप्या तुकड्यावरूनहि अदमासानें काढलेली आहे. तिच्यांत ८९०, ०·२ व ३·४ असे तीनच आंकडे आहेत. पहिला शिखर सांगतो: आठवड्यास ८९० मृत्यु. दुसऱ्यानें तिसऱ्यास भागलें म्हणजे शिखराची वेळ मिळते: आरंभापासून सतरा आठवडे, म्हणजे ता. १५ एप्रिल १९०६ चा सुमार, शके १८२८ चा चैत्र वद्य पक्ष. रेषेखालील सर्व क्षेत्र मोजलें तर एकंदर मृत्यु ८,९०० येतात. आमची अडचण येथूनच सुरू होते. १९०६ ची वस्ती पावणेदहा लाखांवर होती. तिच्याशीं ताडून पाहतां मेलेले शेंकडा एकाहूनहि कमी ठरतात. शंभरांतील नव्याण्णव माणसें शिल्लक असतां बाधण्याजोगीं माणसें खुंटल्यामुळें साथ उतरली, असें कोणास म्हणतां येईल?

लेखकांनीं तसें म्हटलेलेंच नाहीं. चित्राखालीं दिलेलें टिपण वाचावें. माणसांतील प्लेग ही उंदरांतील प्लेगची छाया होय असें धरून चाललों आहों, असें तेथें स्पष्ट आहे. आणि मग गृहीतें येतात तीं सर्व उंदरांचीं. सर्व उंदीर सारखेच बाधणारे. बेटांतील प्रत्येक उंदरास बाधेचा संभव सारखा. बाधलेला उंदीर मरतो किंवा कायमचा सुरक्षित होतो. दुखण्याच्या सबंध काळांत संसर्गाचें व मृत्यूचें मान बदलत नाहीं. पिसवा इतक्या मुबलक कीं जणूं उंदरास उंदीर शिवल्यानेंच रोग लागावा. यांपैकीं एकहि गोष्ट तंतोतंत खरी नाहीं, जुळणी ढोबळच समजावी, व या आंकड्यांवरून मूळ राशींचीं मूल्यें काढूं नयेत, असा इशाराहि तेथेंच आहे. तो रास्तहि आहे, कारण मूळ अज्ञात राशी चार आहेत व रेषेंतून हातीं लागणारे आंकडे तीन. थोडक्यांत, ठिपके माणसांचे आणि गृहीतें उंदरांचीं. नकलकारांनीं पुढें चित्र उचललें व टिपण गाळलें. पोथ्यांच्या बाबतींत हा अपराध आपणांस ओळखीचा आहे.

बरें, उंदरांवर हवाला ठेवला तरी सुटका होते काय? परळच्या मंडळानें उंदीर गोळा करून तपासले होते. त्यांना असें आढळलें कीं प्रथम गटारांतील तांबूस उंदरांत रोग चढतो, सुमारें दहा दिवसांनीं घरांतील काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनीं माणसांत. छाया पडते हें त्यामुळें खरें ठरतें. परंतु मुंबईचा प्लेग हिवाळ्यांत चढे, मार्च-एप्रिलांत शिखरास पोंचे व पावसाळ्याच्या सुमारास मंदावे; आणि हें एका सालीं नव्हे, वर्षानुवर्षें घडत होतें. जी साथ उंदीर खुंटले म्हणून थांबली तिनें दरसाल ठरल्या ऋतूंत उठावें कसें? फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनीं २०१२ सालीं याच आंकड्यांची फेरतपासणी केली, तेव्हां उंदीर व पिसवा यांबरोबर ऋतुमान धरल्याशिवाय मुंबईच्या साथीचा उलगडा होत नाहीं असें दाखविलें. १९२७ च्या रेषेनें धरलें होतें कीं सबंध साथभर संसर्गाचें मान बदललें नाहीं. तें बदलत होतें असें आम्हांसहि वाटतें. रेषा जुळली ती निराळ्या कारणानें. चढून उतरणाऱ्या कोणत्याहि ठिपक्यांस घंटेचा आकार बराचसा जुळतोच.

यावरून सिद्धान्त खोटा पडला असें मात्र कोणीं समजूं नये. एका माणसापासून दुसऱ्यास सरळ लागणाऱ्या रोगांस, विशेषतः विषाणूंच्या साथींस, तो प्लेगपेक्षां पुष्कळ चांगला लागू पडतो. देवीच्या रोगाचें गणित दानिएल बेर्नूली यांनीं १७६० सालींच केलें होतें. पण साथीच्या गतीचें सर्वसाधारण सूत्र १९२७ चेंच. २०२० सालीं करोनाची महामारी आली तेव्हां सरकारांपुढें ठेवलेल्या कितीएक अंदाजांच्या मुळाशीं हेच तीन वर्ग होते. आणि योगायोग असा कीं जुनें गृहीत पुन्हां मुंबईंतच उघडें पडलें. जुलै १९२० नव्हे, २०२० मध्यें, माटुंगा, चेंबूर व दहिसर या तीन विभागांत रक्ततपासणी झाली. तींत झोंपडवस्त्यांतील शेंकडा ५७ लोकांत, आणि इतर वस्तींतील शेंकडा १६ लोकांतच, संसर्ग होऊन गेल्याची खूण मिळाली. एकाच विभागांत, एका रस्त्याच्या दोन बाजूंस! प्रत्येकास बाधेचा संभव सारखा, हें गृहीत उंदरांच्या बाबतींत जितकें डळमळीत तितकेंच माणसांच्या बाबतींतहि. ज्यांच्या घरीं नळ एक व खोली एक, त्यांची गांठ अधिक माणसांशीं पडते. सरासरी काढली कीं हा भेद पुसला जातो.

१९०५-०६ च्या ८,९०० मृतांच्या बाबतींत हा भेद आज कोठें शोधावा? आठवड्याच्या बेरजेंत मोहल्ला नाहीं, चाळ नाहीं, जात नाहीं, धंदा नाहीं. मंडळाच्या अहवालांत कांहीं भागांची तपशीलवार माहिती आहे व ती कोणी अभ्यासकानें मराठींत आणावी. दुसरें साधन खाजगी आहे. घरांत उंदीर पडूं लागले म्हणजे शहाणे लोक बिऱ्हाड हलवीत व गांवीं जात. अशा निघण्याची व परतण्याची नोंद त्या काळच्या जमाखर्चांत, पंचांगांच्या कोऱ्या कडांवर, किंवा मुंबईहून कोंकणांत व देशावर गेलेल्या पत्रांत राहिली असण्याचा संभव आहे. जुनीं दप्तरें चाळतांना आपण सनदा व महजर तेवढे वेगळे काढतों, आणि असले कागद रद्दींत जातात.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. १८९६ ते १९१० या काळांतील कोणत्याहि घरगुती कागदांत घरीं उंदीर मेल्याचा, घर सोडल्याचा, गांवीं पोंचल्याचा किंवा घरांतील मृत्यूचा उल्लेख असेल, तर तिथि, वार, ठिकाण व मूळ शब्द जसेच्या तसे उतरून या त्रैमासिकाकडे कळवावें. तिथि अपुरी असली तरी कागद बाजूस टाकूं नये. नुसत्या वार व महिन्यावरून दिवस निश्चित होत नसला, तरी साल ठाऊक असल्यास पंचांगावरून संभवनीय दिवस थोडेच उरतात. मजकूर शुद्ध करून पाठवूं नये. उंदीर मेल्याचा दिवस व माणूस मेल्याचा दिवस एकाच कागदावर सांपडेल तर तो कागद आधीं कळवावा.