हृदयतपासणीची पूर्वतयारी : एका सूचनापत्राचा इतिहास

अँजिओग्राफीसाठी नाव नोंदवलेल्या रुग्णाच्या हाती आदल्या दिवशी एक सूचनापत्र दिले जाते. रात्रीनंतर काही खाऊ नये, मनगटावरचे व जांघेतले केस काढलेले असावेत, रक्तातील क्रिएटिनिनचा अहवाल सोबत आणावा, मधुमेहाची कोणती गोळी थांबवायची ते विचारून घ्यावे, पूर्वी कशाची ॲलर्जी आली असल्यास सांगावे, अशा सात-आठ ओळी त्यावर असतात. रुग्ण त्या निमूटपणे पाळतो आणि त्यांमागचे कारण सहसा विचारत नाही. वस्तुतः या ओळी एका वेळी, एका ठिकाणी लिहिल्या गेलेल्या नाहीत. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या काळात, वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांमध्ये आणि शस्त्रक्रियागृहांमध्ये उद्भवलेल्या अडचणींतून त्या एकेक करून जमा होत गेल्या. हृद्रोगचिकित्सेचा इतिहास बहुधा यंत्रांचा आणि संशोधकांचा म्हणून सांगितला जातो, पण तो रुग्णाच्या तयारीच्या बाजूने वाचला तर अधिक बोलका ठरतो, कारण यंत्र कोठे अपुरे पडत होते आणि त्याची भरपाई रुग्णाच्या शरीराकडून कशी करून घेतली जात होती, हे त्यातूनच कळते.

या इतिहासाची सुरुवात मिठाच्या पाण्याने होते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि तो त्वचेपर्यंत पोहोचतो, हे 1887 मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर यांनी माणसावर नोंद घेऊन दाखवले. प्रात्यक्षिकांसाठी त्यांनी आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगलाही मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय बुडवून उभे राहायला शिकवले होते. वॉलर यांचे उपकरण मात्र मंद होते आणि त्याची रेषा ओबडधोबड येत असे. नेदरलँड्समधील लायडेन विद्यापीठाचे प्राध्यापक विलेम आइंटहोव्हेन यांनी चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म धागा प्रबळ चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणून बसवला आणि प्रवाहामुळे होणारी त्या धाग्याची थरथर छायाचित्रपट्टीवर टिपली. 1901 ते 1903 या काळात सिद्ध झालेले हे यंत्र सुमारे 270 किलो वजनाचे होते, दोन खोल्या व्यापत असे आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्णाने खुर्चीत बसून दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवायचे, एवढीच त्याची तयारी. कोरडी त्वचा वीज नीट वाहू देत नाही म्हणून मिठाचे पाणी आवश्यक होते, आणि दोन हात व एक पाय या तीन बिंदूंमधून मिळणाऱ्या तीन नोंदी आजच्या ईसीजीतही पहिल्या तीन रेषा म्हणून कायम आहेत. यंत्र हलवता येत नव्हते आणि आजारी माणसाला प्रयोगशाळेत आणणे कठीण होते. म्हणून आइंटहोव्हेन यांनी 1905 मध्ये सुमारे दीड किलोमीटरवरील रुग्णालय आणि आपली प्रयोगशाळा टेलिफोनच्या तारेने जोडली आणि रुग्णाला रुग्णालयातच ठेवून त्याचा हृदयालेख काढला. त्यांना 1924 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे भांड्यांची जागा धातूच्या पट्ट्यांनी घेतली आणि मिठाचे पाणी जेलीच्या रूपात उरले. छातीवरील सहा ठरावीक जागा 1938 मध्ये अमेरिका व ब्रिटन येथील हृद्रोग संघटनांनी मिळून निश्चित केल्या, तेव्हापासून छाती उघडी करणे, तेल किंवा पावडर न लावणे, गरज पडल्यास केस काढणे या गोष्टी तयारीत आल्या. या सगळ्यामागे लायडेनचेच कारण आहे: यंत्र आणि हृदय यांच्यामध्ये त्वचेचा अडथळा शक्य तितका कमी राहावा. चालत्याफिरत्या माणसाची नोंद घेण्याचा नॉर्मन होल्टर यांचा पहिला संच पाठीवर वाहून न्यावा लागे आणि त्याचे वजन 38 किलोच्या घरात होते. रॉबर्ट ब्रूस यांनी सिएटल येथे बसवलेली ट्रेडमिलची पद्धत, ज्यात दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवला जातो, 1963 पासून प्रचारात आली आणि तिच्याबरोबर हलके खाऊन येणे, चालण्याजोगे बूट घालणे, नाडीचा वेग रोखणाऱ्या गोळ्यांविषयी आधी विचारणे या सूचना आल्या.

हृदयाच्या बाहेरून आत जाण्याचा टप्पा याहून धाडसाचा होता. 1929 मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्ड गावच्या रुग्णालयात व्हेर्नर फॉर्समान या पंचविशीतल्या डॉक्टरने, वरिष्ठांनी मनाई केलेली असताना, स्वतःच्या कोपराजवळची शीर उघडून तीतून 65 सेंटिमीटर लांबीची, मूत्रमार्गासाठी वापरली जाणारी नळी आत सरकवली आणि तशाच अवस्थेत जिना उतरून क्ष-किरण खोलीत जाऊन तिचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात असल्याचे छायाचित्र घेतले. साहाय्य करणाऱ्या परिचारिकेला, प्रयोग तिच्यावरच होणार आहे अशी समजूत करून देऊन, त्याने टेबलाला बांधून ठेवले होते. या प्रयोगातले धैर्य मान्य करूनही हे सांगितले पाहिजे की, दुसऱ्या माणसाची संमती हा विषय त्या खोलीत दुय्यम ठरला होता. आज प्रत्येक तपासणीपूर्वी सहीसाठी पुढे येणारे संमतिपत्र अशाच काळाला दिलेले उत्तर आहे. फॉर्समान यांची वाट न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी 1940 नंतर शास्त्रशुद्ध केली आणि या तिघांना 1956 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्या मात्र अजून दिसत नव्हत्या. त्यांत थेट डाय, म्हणजे क्ष-किरणांत उठून दिसणारे आयोडीनयुक्त द्रव्य, सोडले तर हृदय बंद पडेल अशी सार्वत्रिक भीती होती. 30 ऑक्टोबर 1958 रोजी क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स एका तरुण रुग्णाच्या हृदयाची झडप तपासत असताना नळीचे टोक नकळत उजव्या करोनरी धमनीत शिरले आणि डायचा मोठा झोत तीत गेला. रुग्णाचे हृदय काही सेकंद थांबले. सोन्स यांनी त्याला जोराने खोकायला सांगितले, खोकल्याच्या दाबाने डाय पुढे ढकलली गेली आणि ठोके पुन्हा सुरू झाले. घाबरून हे प्रकरण मिटवण्याऐवजी सोन्स यांनी त्यातून योग्य तो निष्कर्ष काढला की, थोड्या मात्रेत डाय दिल्यास या धमन्या सुरक्षितपणे पाहता येतील. अँजिओग्राफीचा जन्म या निरीक्षणात आहे. आजही कॅथलॅबमध्ये, म्हणजे अशा तपासण्यांच्या खोलीत, नाडी मंदावली की डॉक्टर रुग्णाला खोकायला सांगतात.

सोन्स कोपरापाशी छेद घेत. स्टॉकहोमच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी 1953 मध्येच छेदाऐवजी सुई टोचून, सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवण्याची युक्ती प्रसिद्ध केली होती. तिच्या आधारे मेल्विन जडकिन्स यांनी 1967 मध्ये जांघेतून आत जाण्यासाठी आधीच वळण दिलेल्या नळ्या तयार केल्या. जांघेतले केस काढणे आणि तपासणीनंतर कित्येक तास पाय न हलवता पडून राहणे ही त्या मार्गाची देणगी आहे. माँट्रियलच्या ल्यूसियाँ कांपो यांनी 1989 मध्ये मनगटातून अँजिओग्राफी करून दाखवली. त्यासाठी बहुधा एक साधी चाचणी घेतली जाई: रुग्णाने मूठ घट्ट आवळायची, डॉक्टरने मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून धरायच्या, मूठ उघडल्यावर तळवा पांढरा पडलेला दिसतो, मग करंगळीच्या बाजूची धमनी सोडून तळव्याला किती लवकर लाली येते ते पाहायचे. लाली लगेच आली तर एक धमनी वापरली तरी हाताला रक्त पुरेल असा त्याचा अर्थ. एडगर ॲलन यांनी ही चाचणी वेगळ्याच आजारासाठी वर्णिली होती, तीही 1929 मध्ये, फॉर्समान यांच्या प्रयोगाच्याच वर्षी.

डायचा इतिहास सूचनापत्राच्या सर्वांत जास्त ओळींना कारण झाला आहे. जुन्या डायची संहती रक्ताच्या कित्येक पट असे, त्यामुळे ती टोचताना अंगाची आग होई, मळमळ आणि उलट्या होत. स्वीडनचे टॉर्स्टेन अल्मेन यांनी वेदनेचे मूळ या अतिसंहतीत आहे असे मांडले आणि 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस कमी संहतीच्या डायचा मार्ग दाखवला. रुग्णाच्या यातना हाच संशोधनाचा प्रश्न मानणारे असे काम या इतिहासात विशेष आदराने नोंदवण्याजोगे आहे. डाय मूत्रपिंडांतून बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते सांगणारे क्रिएटिनिन पाहिले जाते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी स्वतः मूत्रपिंडाला इजा करत नाही. परंतु डायमुळे मूत्रपिंड मंदावलेच तर ती शरीरात साठून रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकते, म्हणून मूत्रपिंड दुबळे असलेल्यांत ती थांबवली जाते. मासळीची ॲलर्जी आहे का, हा प्रश्न मात्र एका गैरसमजातून आला आहे. मासळीत आयोडीन आणि डायमध्येही आयोडीन, एवढ्या साम्यावर तो उभा राहिला. प्रत्यक्षात मासे किंवा कोळंबी यांची ॲलर्जी त्यांतील प्रथिनांमुळे येते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील रुग्णाला या प्रश्नाने धास्ती वाटण्याचे कारण नाही, मात्र पूर्वी खुद्द डायची ॲलर्जी आली असेल तर ती न विसरता सांगितली पाहिजे.

उपाशी राहण्याचा नियम हृद्रोगचिकित्सेत जन्मलेला नाही. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 मध्ये 44,016 बाळंतपणांच्या नोंदी तपासून, भूल दिलेल्या 66 स्त्रियांच्या फुप्फुसांत पोटातले अन्न किंवा आम्ल गेल्याचे दाखवले, आणि भुलेपूर्वी पोट रिकामे ठेवण्याचा आग्रह त्यानंतर अधिक दृढ झाला. अँजिओग्राफीत रुग्ण जागा असतो. तरीही जुन्या डायने उलट्या होत, आणि पुढे अँजिओप्लास्टी आली तेव्हा आणखी एक कारण मिळाले. आंद्रेआस ग्रुंटसिग यांनी झुरिकमधील आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर घडवलेला फुगा 16 सप्टेंबर 1977 रोजी एका जाग्या रुग्णाच्या करोनरी धमनीत फुगवून अरुंद जागा रुंद केली, परंतु त्या पहिल्या वर्षांत फुगवलेली धमनी अचानक बंद पडे आणि रुग्णाला तातडीने बायपाससाठी न्यावे लागे. शल्यचिकित्सकांची तुकडी सज्ज असे आणि रुग्ण भुलेसाठी तयार, म्हणजे उपाशी, असावा लागे. 1986 मध्ये झाक प्युएल आणि उलरिक सिगवार्ट यांनी धातूच्या जाळीचा स्टेंट बसवण्यास सुरुवात केल्यावर हा धोका पुष्कळ घटला, स्टेंटमध्ये रक्त गोठू नये म्हणून ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची गोळी नियमित घेण्याची नवी सूचना आली, पण उपासाची ओळ होती तशीच राहिली. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उपाशी न राहिलेल्या रुग्णांना उपाशी राहिलेल्यांपेक्षा अधिक त्रास झाला नाही असे दिसले. ज्या कारणांसाठी हा नियम आला त्यांतील बरीच कारणे ओसरली आहेत, हे त्यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे, आणि फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातल्यावर, तेव्हाच्या दरानुसार साधा स्टेंट 7,260 रुपयांत आणि औषधयुक्त स्टेंट 29,600 रुपयांत मिळू लागला. त्यामुळे जिल्ह्याच्या गावाहून पहाटेची एसटी धरून, आदल्या रात्रीपासून पाणीही न घेता, दुपारपर्यंत बाकावर वाट पाहणारा मधुमेही रुग्ण आता या तपासणीचा नेहमीचा रुग्ण झाला आहे. त्याने आपल्या मनाने कोणतीही सूचना मोडू नये, डॉक्टर सांगतील तेच करावे. परंतु रुग्णालयांनीही आपली सूचनापत्रे नव्याने तपासावीत, कालबाह्य ओळी काढून टाकाव्यात आणि राहिलेल्या प्रत्येक ओळीखाली तिचे कारण सोप्या मराठीत छापावे.