आंबेडकर साहित्य : वारसा व स्वामित्व

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१–६ डिसेंबर १९५६) यांच्या लेखनाचे जतन, स्वामित्व व प्रकाशन यांसंबंधीचा प्रश्न. त्यांच्या निधनानंतर अप्रकाशित हस्तलिखिते व कागदपत्रे प्रथम दिल्ली उच्च न्यायालयाच्या व्यवस्थेत आणि पुढे महाराष्ट्राच्या महाप्रशासकाच्या ताब्यात गेली. पेट्यांमध्ये बंद असलेले हे लेखन अनेक वर्षे वाचकांपर्यंत पोहोचू शकले नाही.

हे लेखन प्रसिद्ध करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९७६ मध्ये प्रकाशन समिती नेमली. वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला इंग्रजी खंड १९७९ मध्ये निघाला. १९८७ च्या चौथ्या खंडातील ‘रिडल्स इन हिंदूइझम’ या ग्रंथाच्या राम-कृष्णविषयक परिशिष्टावरून तीव्र वाद झाला. अखेर, त्यातील मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशा आशयाची टीप घालून मजकूर कायम ठेवण्यात आला. मृत लेखकाचा शब्द न गाळणे, ही या प्रकल्पाची मोठी कमाई होय.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे लेखनहक्क वारसांकडे राहतो; त्यामुळे आंबेडकरांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले. मरणोत्तर प्रकाशित लेखनाची मुदत मात्र प्रथम प्रकाशनापासून मोजली जाते. म्हणून १९८७ मध्ये प्रथमच छापलेले लेखन २०४७ अखेरपर्यंत संरक्षित राहील. नाव व प्रतिमा यांचा प्रश्न वेगळा आहे : प्रसिद्धीविषयक हक्क व्यक्तीबरोबरच संपतात, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिवंगत अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्यासंबंधीच्या प्रकरणात म्हटले. वारसांचा हक्क मान्य करूनही आंबेडकरांचे लेखन अभ्यासकांना व सामान्य वाचकांना स्वस्तात मिळत राहणे अगत्याचे आहे.