उष्णतेचे द्रव्य कसे विरले?

लेथवर काम केलेल्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही : हत्यार बोथट झाले की काम मंदावते आणि जॉब तापतो. उमेदवारीच्या दिवसांत आम्हीही हात पोळून घेतला आहे. पण ही उष्णता येते कोठून, हा प्रश्न काही आम्हांला सुचला नाही.

तो सुचला बव्हेरियाच्या चाकरीत असलेल्या काउंट रम्फर्डला. उष्णता हे एक वजनरहित, सूक्ष्म द्रव्य आहे, असे त्या काळचे बहुतेक विद्वान मानीत. 'कॅलरिक' हे त्याचे नाव. लाव्हाझिएने १७८९ साली त्याला मूलद्रव्यांच्या यादीत बसविले होते. रम्फर्डने म्यूनिकच्या शस्त्रशाळेत तोफेच्या धातूवर बोथट हत्यार दाबून धरले, भोवती पाण्याची पेटी बसविली आणि घोड्यांच्या बळावर धातू फिरविला. अडीच तासांत पाणी उकळले. विस्तव कोठेच नव्हता! १७९८ साली त्याने मांडले : घासणे चालू आहे तोवर जी निघतच राहते, ती उष्णता द्रव्य असूच शकत नाही.

मग कॅलरिक संपले काय? नाही. ते आणखी पन्नासएक वर्षे टिकले. हा निव्वळ विद्वानांचा हट्ट, असे आम्ही एके काळी समजत होतो. ते खरे नव्हे. १८२४ साली कार्नो याने याच कल्पनेवर वाफेच्या यंत्राचा विचार मांडला. पाणी उंचावरून पडून चाक फिरविते, तसे कॅलरिक उष्ण जागेकडून थंड जागेकडे उतरते व काम देते. यंत्राची कमाल मर्यादा त्या दोन तपमानांवरच ठरते, हा त्याचा निष्कर्ष आजही खरा आहे. खोट्या पायावर खरी भिंत उभी होती!

पुढे सॅलफर्डच्या मद्य बनविणाऱ्या घराण्यातील जूलने पडत्या वजनांनी पाण्यात पंखे फिरविले आणि १८४९ साली हिशेब दिला : ७७२ पौंड वजन एक फूट उतरले, तर एक पौंड पाणी एक अंश फॅरेनहाइटने तापते. विल्यम टॉम्सनने त्याचे म्हणणे १८४७ सालीच ऑक्सफर्डला ऐकले होते. पण जूल खरा, तर कार्नोचे काय, या पेचात तो अडकला. १८५० साली क्लाउझियसने तो पेच सोडविला : उष्णतेचा काही भाग खर्ची पडून त्याचे काम होते, उरलेला थंडीकडे उतरतो. जूलही राहिला, कार्नोचा नियमही राहिला. गेले ते फक्त कॅलरिक.

टॉमस कून यांनी १९६२ सालच्या ग्रंथात हेच सांगितले, की पुरावा विरुद्ध गेला एवढ्याने शास्त्रज्ञ जुनी चौकट टाकीत नाहीत. दुसरी हाती आल्यावरच टाकतात. आम्हांला हे कामगारांच्या सभांतून पटले आहे. जुनी पद्धत अन्यायाची आहे, एवढे सांगितले की टाळ्या पडतात; पण दुसऱ्या दिवशी माणसे त्याच पद्धतीने कामावर जातात. ती आंधळी नसतात. नव्या व्यवस्थेत आपले चालेल कसे आणि जुन्यात घाम गाळून मिळविलेले टिकेल काय, एवढेच ती विचारीत असतात. रम्फर्डने जुन्याचे खोटेपण दाखविले. या प्रश्नाचे उत्तर क्लाउझियसने दिले. आम्हां चळवळीच्या माणसांना रम्फर्ड होणे सोपे जाते. क्लाउझियस होणे अजून शिकायचे आहे.