हौस म्हणून ड्रोन उडवताय? आधी वजन आणि नकाशा बघा

बेळगाव : लग्न असो की गणपतीची मिरवणूक, वर ड्रोन घिरट्या घालताना दिसतोच. ‘आम्ही धंदा करत नाही, हौस म्हणून उडवतो, आम्हाला कसला नियम?’ असे अनेकांना वाटते. हा समज महागात पडू शकतो. केंद्राचे ड्रोन नियम २०२१ हौशी ड्रोनला आणि रिमोटवरच्या मॉडेल विमानांनाही लागू आहेत. दंड १ लाख रुपयांपर्यंत आहे. नियम केंद्राचे असल्याने बेळगाव, चंदगड आणि गोव्यात सारखेच.

वजन किती?
बॅटरी-कॅमेऱ्यासह २५० ग्रॅमपर्यंत ‘नॅनो’, त्यापुढे २ किलोपर्यंत ‘मायक्रो’ आणि २५ किलोपर्यंत ‘स्मॉल’. नॅनोसाठी पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो हौसेसाठी उडवला तरी लागत नाही. मात्र पैसे घेऊन लग्नाचे शूटिंग केले की तो व्यवसाय झाला. तिथे मायक्रोलाही प्रमाणपत्र हवे. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि डीजीसीएच्या मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण या अटी आहेत.

नोंदणी आणि विमा
प्रमाणपत्र नको म्हणजे नोंदणीही नको, असे नाही. मायक्रो ड्रोनची ऑनलाइन नोंदणी करून ओळख क्रमांक (यूआयएन) घ्यावा लागतो. त्याचे शुल्क १०० रुपये. नॅनो सोडून बाकीच्यांना थर्ड पार्टी विमाही लागतो. शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठीच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानाला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, पण ते नजरेच्या टप्प्यातच उडवायचे.

कुठे उडवायचे?
सरकारी नकाशात तीन रंग आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. मात्र विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची, तर लाल भागात केंद्राची परवानगी हवी. बेळगावला सांबरा विमानतळ आहे, शहरात लष्कराचे केंद्र आहे. त्यामुळे घराची गच्ची आपली असली तरी वरचे आकाश कोणत्या रंगाचे, हे आधी पाहावे.

काल हिरवा असलेला भाग आज लाल असू शकतो. मोठ्या मिरवणुका, व्हीआयपी दौरे अशा वेळी राज्य सरकार किंवा पोलीस यंत्रणा एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल विभाग जाहीर करू शकते. म्हणून प्रत्येक वेळी उडवण्याआधी नकाशा उघडायचा. नोंदणीचे १०० रुपये परवडतात, लाखाचा दंड नाही.