‘करमत नाही’ला किती मार्क?

मंडळी, घरात आठवी-नववीतलं पोर असेल तर एवढं वाचाच.

हल्ली शाळांत मुलांच्या मनःस्वास्थ्याचे फॉर्म भरून घेतात. आनंदी वाटलं का, सकाळी ताजंतवानं वाटलं का, असे प्रश्न. बेरीज केली की पोर ‘ठीक’ किंवा ‘धोक्यात’. एक कोरा फॉर्म माझ्या हाती आला. मराठी शुद्ध होती, पण ‘करमत नाही’ हा आपला शब्द कुठेच नव्हता.

हा पेच जुना आहे. १९०५ मध्ये पॅरिसला बिने आणि सिमों यांनी मुलांच्या बुद्धीची चाचणी केली. ती आपल्याकडे आणायची तर नुसतं भाषांतर पुरणार नव्हतं. व्ही. व्ही. कामतांनी मुंबई इलाख्यातल्या मराठी आणि कानडी मुलांसाठी ती नव्याने बसवली. १९३४ ला त्यांचा लेख आला, १९४० ला पुस्तक. कोणता प्रश्न कितव्या वर्षी जमतो, हे पॅरिसच्या नाही, इथल्या पोरांवरून ठरवलं.

बुद्धीच्या प्रश्नाला निदान चूक-बरोबर तरी असतं. मनाचं काय? मूळचे मुंबईचे डॉ. विक्रम पटेल १९९० च्या दशकात झिम्बाब्वेत काम करत होते. तिथले लोक आपला त्रास ‘कुफुंगिसिसा’ या शब्दात सांगायचे, म्हणजे डोक्यात विचार थांबतच नाहीत. लोकांच्या अशाच बोलीवरून तिथली प्रश्नावली बांधली गेली. पुढे गोव्यात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आरोग्य केंद्रांत आलेल्या मोठ्या माणसांवर पाच प्रश्नावल्या सविस्तर मुलाखतीशी ताडून पाहिल्या. तो अभ्यास २००८ मध्ये छापून आला.

प्रश्नावली ‘प्रमाणित’ करणं म्हणतात ते हेच. भाषांतर दुसऱ्याकडून उलटं करून बघायचं. पोरांना विचारायचं, तुला यातून काय कळलं? काही दिवसांनी तोच फॉर्म पुन्हा द्यायचा. मग जाणकाराने प्रत्यक्ष बोलून काढलेलं अनुमान त्या आकड्याशी जुळतं का ते पाहायचं.

आता पडघ्यात या. बाप गोदामात रात्रपाळीला, खोली एकच, बाहेर रात्रभर हायवेवर ट्रक. हे पोर ‘ताजंतवानं वाटत नाही’ असंच लिहिणार. त्याचं मन दुखतंय की झोप होत नाहीये? शिवाय वर्गात कोणी घरी आगरी बोलतं, कोणी वारली, कोणी भोजपुरी. सगळ्यांना एकच पुस्तकी वाक्य.

चूक दोन्हीकडून महागात पडते. धडधाकट पोरावर शिक्का बसतो, आणि आतून तुटलेलं पोर ‘ठीक’ ठरून सुटतं. मला दुसऱ्याची भीती जास्त.

फॉर्मला माझा विरोध नाही, विचारायलाच हवं. पण पुढच्या पालकसभेत तीन गोष्टी विचारा: हा फॉर्म मराठी मुलांवर तपासलाय का? उत्तरं कोण वाचणार? आणि आकडा वाईट आला तर पोराशी बसून बोलणार कोण?

तोवर पोर ‘करमत नाही’ म्हणालं तर ‘अभ्यास कर’ म्हणू नका, ऐकून घ्या. गरज वाटली तर सरकारी टेली-मानसचा नंबर आहे, १४४१६.